इर्जिकीचे नियम

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की तीस-पस्तीस किलोमीटरवर घोडेगाव येते. शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या इथूनच वळतात, म्हणून राज्यभरच्या भाविकांना हे नाव ठाऊक असते. नेवासे तालुक्यातल्या शेतकऱ्याला मात्र घोडेगाव म्हटले की आठवते ते कांद्याचे मार्केट आणि शुक्रवारचा जनावरांचा बाजार. गोण्यांच्या थप्प्या, लिलावाच्या बोली, वाकलेल्या पाठीचे हमाल, दावणीच्या म्हशी. या बाजारात उभे राहून कोणी ‘एम्प्लॉयी व्हॉलंटिअरिंग’ म्हटले, तर ऐकणारा तोंडाकडे बघत राहील. तेच ‘इर्जिक’ म्हटले, तर साठी ओलांडलेला कोणताही शेतकरी आपणहून बोलू लागेल.

इर्जिकीचा रिवाज साधा होता. एखाद्याचा बैल बसला, घरात आजारपण आले, नांगरट मागे पडली, की तो गावात सांगून येई. ठरल्या दिवशी पहाटे भावकीतले, शेजारचे, कधी शिवेपलीकडचेही लोक आपली बैलजोडी आणि आपला नांगर घेऊन त्याच्या वावरात उतरत. पाच-दहा नांगर एका रांगेत चालत आणि दिवस मावळेपर्यंत शेत उलथून होई. मजुरी कोणी घेत नसे. दुपारचे जेवण मात्र पोटभर असे आणि ते यजमानाने घालायचे असे. पुढे ट्रॅक्टर आले, गोठ्यातले बैल कमी झाले, इर्जिक मागे पडली. शब्द अजून लोकांच्या तोंडी आहे.

या रिवाजाचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, तरी ते सहसा मोडत नसत. कोणते काम आणि कोणत्या दिवशी, हे वावराचा धनी ठरवी. येणारा आपले अवजार घेऊन येई आणि त्याला जे येते तेच करी. जेवण कोणी घालायचे, हेही आधीपासून ठरलेले असे. कंपन्यांचे कर्मचारी आणि सेवाभावी संस्था यांची गाठ घालून देण्याचे काम गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर वाढले आहे. ते जिथे फळाला आले तिथे हेच नियम वेगळ्या नावांनी पाळलेले दिसतात. जिथे फसले तिथे यांतला एखादा मोडलेला सापडतो.

हे काम वाढायला कायदा निमित्त झाला. कंपनी कायदा 2013 चे कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, असे त्यात सांगितले आहे. तेव्हापासून ‘सीएसआर’ हा शब्द तालुक्याच्या गावांतल्या मुख्याध्यापकांच्या आणि सरपंचांच्या बोलण्यात रुळला. पैशामागून माणसेही आली. वर्षभर यंत्रासमोर किंवा संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला आपल्या हातून चार चांगल्या गोष्टी व्हाव्यात असे मनापासून वाटत असते. ही इच्छा खरी आहे आणि मोलाची आहे.

कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती या 2 टक्क्यांत मात्र दाखवता येत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. केंद्राच्या कंपनी कामकाज मंत्रालयाने 25 ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात ते स्पष्ट केले. कर्मचाऱ्यांना सामाजिक कामात सामील करून घ्यायला उत्तेजन द्यावे, पण त्यांची विनामूल्य सेवा पैशात मोजून खर्चाला जोडू नये, असा त्याचा आशय. हा निर्णय योग्यच झाला. तशी सवलत असती, तर आकडा भरून काढण्यासाठी बसगाड्या भरून माणसे गावोगाव पाठवली गेली असती.

कर्मचारी आणि गाव एकत्र येण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्राने पाहिला तो ऐन उन्हाळ्यात, उघड्या माळावर. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पाणी फाउंडेशनने 2016 मध्ये ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ ही गावागावांतली स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके आणि 116 गावे होती. पुढच्या वर्षी तालुके 30 झाले, 2018 मध्ये 75. नगर जिल्ह्यातले पाथर्डी, कर्जत, पारनेर असे दुष्काळी तालुकेही त्यात उतरले. 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस गावाने पाणलोटाची कामे करायची. 1 मे, म्हणजे महाराष्ट्र दिन, महाश्रमदानाचा. त्या दिवशी शहरांतल्या लोकांनी ‘जलमित्र’ म्हणून नाव नोंदवून गावांत यायचे. 2018 मध्ये अशी लाखाहून अधिक नावे नोंदली गेली. त्यांत विद्यार्थी होते, डॉक्टर होते आणि एकेका कंपनीतून एकत्र निघालेले कर्मचाऱ्यांचे गटही होते.

वर्तमानपत्रांतून लोकांनी टोप्या, घमेली आणि घामाने निथळणारे चेहरे पाहिले. त्याआधीच्या महिन्यांत काय झाले होते, ते छायाचित्रात मावणारे नव्हते. प्रत्येक गावातून निवडलेल्या लोकांनी चार दिवसांचे निवासी प्रशिक्षण घेतले होते. माथा ते पायथा काम कसे करायचे, उतार कसा मोजायचा, समपातळी रेषा कशी काढायची, हे ते शिकून आले होते. जलमित्रांची बस येऊन थांबे तेव्हा डोंगरावर फक्कीने रेघा मारलेल्या असत, कुदळी-फावडी मोजून ठेवलेली असत आणि कोणत्या गटाने कुठून कुठपर्यंत खणायचे ते सांगणारा गावकरी तिथे उभा असे. काम गावाने ठरवलेले होते आणि पाहुणे त्या कामावर आले होते. इर्जिकीचा पहिला नियम असा पाळला गेला.

या श्रमदानाचे मापही एकदा घेऊन पाहिले पाहिजे. समतल चर साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल धरला, तर त्याच्या एका मीटर लांबीत 180 लिटर पाणी मावते. समजा, 50 नोकरदार सकाळच्या प्रहरी आले आणि प्रत्येकाने दोन मीटर खणले. मुरमाड जमिनीत, सवय नसलेल्या हातांना हे काम थोडके नाही. एकूण चर झाला 100 मीटर आणि माती निघाली 18 घनमीटर. चर एकदा भरला की 18,000 लिटर पाणी अडेल, म्हणजे दीड-दोन टँकर. एवढी माती पोकलेन तासाभरात उपसते. बसचे भाडे आणि नाश्त्या-जेवणाचा खर्च यंत्राच्या डिझेलला दिला असता तर कितीतरी जास्त चर झाले असते.

मग माणसे कशाला न्यायची? हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर माती मोजून मिळत नाही. ‘बघू नंतर’ म्हणत ओसरीवर बसलेल्या गावकऱ्याला आपल्या डोंगरावर पुण्या-मुंबईची मुले राबताना दिसली की तोही उठतो. तहान काय असते हे शहरातल्या माणसाला नळ गेल्यावर कळते. दुष्काळी माळावर कुदळ मारताना मात्र पाणी येते कुठून आणि जाते कुठे, हे त्याच्या डोळ्यांपुढे उलगडते. यंत्रांची गरज कोणी नाकारली नव्हतीच. भारतीय जैन संघटनेने श्रमदानाची अट पुरी करणाऱ्या गावांना यंत्रांचे तास मोफत दिले. हात आधी आणि यंत्र मागून, हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला होता.

हे सगळे डोळ्यांपुढे असताना जूनच्या पहिल्या आठवड्यातली वृक्षारोपणे पाहिली की वाईट वाटते. पर्यावरण दिन 5 जूनला असतो, म्हणून झाडे 5 जूनला लागतात. नेवासे-पाथर्डीच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात तेव्हा जमीन तापलेलीच असते. वाफसा नसताना पेरणी करणाऱ्याला गाव वेड्यात काढील, पण शंभर रोपे लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांना कोणी काही म्हणत नाही. संस्था गप्प राहते, कारण पुढच्या वर्षीच्या देणगीची तिला आशा असते. शाळेची एकच भिंत तीन वर्षांत तीन गटांकडून रंगवून घेतली जाते ती याच संकोचापायी. संस्थेला ‘नको’ म्हणता आले पाहिजे, आणि ते म्हटल्यावर नाते तुटणार नाही याची हमी कंपनीने आधी दिली पाहिजे. भागीदारीची सुरुवात तिथून होते.

दुसरा नियम अवजाराचा. इर्जिकीला येणारा आपलाच नांगर आणी. लोहाराने भाता सोडून नांगर धरावा असे कोणी म्हणत नसे. तो फाळ शेवटून देई. पंधरा वर्षे हिशेब तपासणाऱ्या माणसाकडून एक दिवस खड्डे खणून घेणे म्हणजे त्याचे खरे अवजार घरी ठेवायला लावणे. टाटा समूहाने 2014 पासून चालवलेल्या ‘प्रोएंगेज’ या उपक्रमाची मांडणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यात संस्था आधी आपली अडचण प्रकल्पाच्या रूपात लिहून देते. हिशेबाची पद्धत बसवायची असते, कामगिरी मोजायची रीत ठरवायची असते, संकेतस्थळ उभे करायचे असते. समूहातले कर्मचारी, त्यांच्या घरचे किंवा निवृत्त झालेले लोक आपल्याला झेपेल ते काम निवडतात आणि नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, एक ते सहा महिन्यांत ते पुरे करतात.

पुण्यात 1962 पासून रुजलेल्या कमिन्स कंपनीने वेळेचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. ‘एव्हरी एम्प्लॉयी एव्हरी कम्युनिटी’ या तिच्या जगभरच्या कार्यक्रमात प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाकाठी किमान चार तास कामाच्या वेळेतून समाजासाठी देता येतात. चार तास थोडेच आहेत. पण ते कामाच्या वेळेतले आहेत, आणि घरी लहान मूल किंवा म्हातारे आईवडील असलेल्या बाईला रविवार मोकळा नसतो हे ज्याला कळते त्याला या तपशिलाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

परदेशातले एक उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या ‘सिटी इयर’ या तरुणांच्या सेवासंस्थेने 1989 मध्ये टिंबरलँड या बूट बनवणाऱ्या कंपनीकडे बुटांचे 50 जोड मागितले. कंपनीने ते दिले. एवढ्यावर ते संपले असते, पण दोघांचे येणे-जाणे सुरू झाले, कंपनीचे लोक संस्थेच्या कामावर जाऊ लागले, आणि 1992 मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना सेवेसाठी पगारी तास देण्याची योजना आखली. हे तास पुढे वर्षाला 40 झाले. मागणी बुटांची होती, कारण बूट हे त्या कंपनीला येणारे काम होते. पुण्यात थरमॅक्स आणि ‘आकांक्षा’ यांनी 2007 पासून महापालिकेच्या शाळेत सुरू केलेली भागीदारीही याच जातीची. कंपनीने बळ द्यायचे, शिकवणे ज्याला येते त्याने शिकवायचे, आणि हे एका कार्यक्रमापुरते न राहता वर्षानुवर्षे चालवायचे.

तिसरा नियम जेवणाचा. त्यावर सगळ्यांत कमी बोलले जाते आणि संस्था सगळ्यांत जास्त भरडल्या जातात त्या याच ठिकाणी. चाळीस पाहुणे येणार म्हटले की संस्थेचे दोन-तीन कार्यकर्ते आठवडाभर नेहमीचे काम सोडून तयारीला लागतात. साहित्य आणायचे, कामाची विभागणी करायची, प्रथमोपचाराची पेटी ठेवायची, स्वच्छतागृहांची सोय पाहायची, उन्हाने कोणी चक्कर येऊन पडले तर गाडी कुठून आणायची ते ठरवायचे. हा खर्च बहुतेक वेळा कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. संस्थेने तो मागायला लाजू नये आणि कंपनीने मागण्याआधी विचारावा.

मुलांच्या संस्थांत हे ओझे आणखी नाजूक होते. नगरचे ‘स्नेहालय’ गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 1989 मध्ये सुरू केले ते वेश्यावस्तीतल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी. आज संस्थेचा मोठा परिसर नगरच्या एमआयडीसीतच, कारखान्यांच्या शेजारी आहे. अशा संस्थेत पाहुणा म्हणून जाणाऱ्याने एक कायदा जरूर लक्षात ठेवावा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र किंवा माहिती प्रसिद्ध करायला बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 ने बंदी घातली आहे. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाढदिवसाचा केक कापताना मुलांच्या गळ्यात हात टाकून काढलेला आणि लगेच समाजमाध्यमावर चढवलेला सेल्फी या कलमात सहज बसतो. कायदा बाजूला ठेवला तरी मुलाचे मन उरतेच. दर रविवारी नवा काका येणार, जीव लावणार आणि पुन्हा कधी दिसणार नाही. असे दहा काका येण्यापेक्षा वर्षभर दर शनिवारी गणित शिकवायला येणारी एकच ताई त्या मुलाला हवी असते.

नगर जिल्ह्याला हे सारे नवे नाही. जर्मनीच्या मदतीने चाललेल्या पाणलोट कार्यक्रमात फादर हरमन बाखर यांनी मजुरीचा ठरावीक वाटा गावाने श्रमदानातून उचलावा असा आग्रह धरला. त्याच कामातून 1993 मध्ये ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली, आणि संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या उजाड गावाचा कायापालट झाला. राळेगणसिद्धीला आणि हिवरे बाजारला श्रमदान हा गावाच्या नियमांचाच भाग होता. बाहेरच्याने हात लावण्याआधी घरच्याचा हात लागलेला असावा, ही इथल्या मातीतली रीत आहे. कंपन्यांनी ती नव्याने शोधायची गरज नाही, शिकून घ्यायची आहे.

आता पुन्हा घोडेगावकडे येऊ. इथल्या माणसाला वाटते की हा मोठ्या कंपन्यांचा आणि मोठ्या शहरांचा विषय आहे. तसे मुळीच नाही. नागापूरची एमआयडीसी तासाभराच्या आत आहे. सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना आहे. बँका, पतसंस्था, दवाखाने, आडत दुकाने सगळीकडे आहेत. या प्रत्येक ठिकाणी पगारावर काम करणारी, एखाद्या कामात हात बसलेली माणसे आहेत.

त्यांनी करायचे काय? कांद्याचेच घ्या. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भावाची वाट पाहत दिवाळीपर्यंत तिथे थांबतो. मधल्या काळात सडून, कोंब येऊन, वजन घटून मोठा हिस्सा वाया जातो. साठवणीत तापमान साधारण 25 ते 30 अंश आणि हवेतली आर्द्रता 65 ते 70 टक्के राहावी, खालून आणि बाजूंनी वारा खेळावा, ढिगाची उंची चार-पाच फुटांवर जाऊ नये, ही या शास्त्रातली मूळ गोष्ट. राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय यासाठीच काम करते. कारखान्यात तापमान आणि दमटपणा मोजणारी यंत्रे सांभाळणे हे ज्या तंत्रज्ञाचे रोजचे काम आहे, त्याने एका शेतकरी गटाच्या दोन-तीन चाळींत साधे तापमापक बसवून पावसाळाभर नोंदी ठेवायला शिकवले, तर कोणत्या चाळीत कुठे वारा अडतो ते त्या गटाला स्वतःच्या आकड्यांतून कळेल. त्यासाठी बस लागत नाही आणि टोप्याही लागत नाहीत. चार-पाच फेऱ्या आणि एक हंगाम एवढेच हवे.

दुसरे काम कागदाचे. तालुक्यातालुक्यांत शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या. त्यांतल्या अनेकींना कंपनी निबंधकाकडे दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र भरावे लागते याची जाण उशिरा येते. मुदत चुकली की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये जादा शुल्क चढत राहते. दोन फॉर्म शंभर दिवस राहिले तर 20,000 रुपये झाले, आणि ते कांद्याच्या पट्टीतूनच जाणार. एमआयडीसीतल्या कंपनीच्या हिशेब विभागात बसणाऱ्या बाई हे काम नेहमी करतात. त्यांचे दोन रविवार आणि एक तारखांचा तक्ता, एवढ्यावर हा दंड टळू शकतो.

अशा कामाला करारनाम्याचे बाड लागत नाही. एक पान पुरते. अडचण काय आहे ते संस्थेने किंवा गटाने आपल्या शब्दांत लिहावे. कोण येणार, किती वेळा येणार, कधीपर्यंत येणार, खर्च कोणी उचलायचा, छायाचित्रे काढायची की नाही, आणि पाहुणे गेल्यावर हे काम गावातले कोण सांभाळणार, हे त्या पानावर असावे. शेवटचा मुद्दा बहुतेक ठिकाणी राहून जातो, म्हणून तो आधी लिहावा. कंपनीकडून सीएसआरचा निधीही घ्यायचा असेल, तर संस्थेची मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्मने नोंदणी असावी लागते. 1 एप्रिल 2021 पासून ही अट आहे.

देशभर 2 ते 8 ऑक्टोबर हा आठवडा ‘दानउत्सव’ म्हणून पाळला जातो, आणि बऱ्याच कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांची आठवण नेमकी त्याच सुमारास होते. नेवासे तालुक्यात तेव्हा कापूस वेचणीला येत असतो, रब्बी कांद्याची रोपे टाकायची घाई असते आणि कोणाला पाहुण्यांशी बोलायला उसंत नसते. तेव्हा ज्या वाचकाच्या मनात हे काम करायचे आहे, त्याने ऑक्टोबरची वाट पाहू नये. ऑगस्टमध्ये, पावसाने उघडीप दिलेल्या एखाद्या दुपारी, जवळच्या संस्थेत किंवा शेतकरी गटाकडे एकट्याने जावे, कॅमेरा न नेता जावे, आणि त्यांचे काय अडले आहे ते विचारून लिहून घ्यावे.